नोत्र दाम : रडणाऱ्यांना दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१९ च्या आगीत होरपळलेले पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रल ७ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उघडले, त्याचे सविस्तर वृत्त आपण दिलेत याबद्दल आभार. त्या वृत्तावर गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये एका इमारतीच्या छपरासाठी साऱ्या जगाने गळा काढला, धनाढ्यांनी दोन दिवसांत कोट्यवधी युरो ओतले आणि हेच जग भुकेल्या माणसाकडे मात्र पाठ फिरवते, असा त्या पत्राचा आशय होता. हा आक्षेप पॅरिसमध्येच राख निवण्याआधी घेतला गेला होता आणि घेणाऱ्यांजवळ त्याला सबळ कारणेही होती. तरीही तो मला अर्धाच वाटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

१५ एप्रिल २०१९ हा ख्रिस्ती पवित्र सप्ताहातला सोमवार होता. आपल्याकडे लोकसभेची धामधूम होती, कोल्हापूरचे मतदान २३ तारखेवर आले होते आणि मी प्रचाराच्या बातम्या पाहायला दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. रात्री अकरा वीसच्या सुमारास, म्हणजे पॅरिसमध्ये अजून उजेड असताना, नोत्र दामचा उंच निमुळता मनोरा मधोमध मोडून जळत्या छपरातून आत कोसळला. सीन नदीच्या काठावर उभ्या असलेल्या हजारो लोकांच्या तोंडून निघालेला आवाज तेवढ्या अंतरावरूनही ऐकू आला. पुढे तेथेच काही तरुण रस्त्यावर गुडघे टेकून मरियेची प्रार्थना गाऊ लागले. नोत्र दाम या शब्दांचा अर्थ 'आपली माउली' असा होतो. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेला आपले कोळी बांधव मोतमाउली म्हणतात, तसेच हे. मात्र त्या गर्दीत प्रार्थना न म्हणणारेही असंख्य होते, आणि त्यांचे तिथे असणे अधिक विचार करण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर अशी जुनी कॅथीड्रल सरकारच्या मालकीची आहेत, चर्चला फक्त वापराचा हक्क आहे. शिवाय सरकार आपल्या अशा वास्तूंचा विमा उतरवत नाही, नुकसान स्वतःच सोसते. म्हणजे काठावर उभा राहून रडणारा नास्तिक हाही कायद्याच्या भाषेत त्या छपराचा एक मालकच होता. 'चर्चने आपल्या पैशाने बांधावे' असे पत्रलेखकांनी सुचवले आहे. त्यांनी ही बाब लक्षात घ्यावी.

आता रागाविषयी. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून बोलणार होते. नोव्हेंबर २०१८ पासून पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांना ते काय देणार, हे त्या भाषणातून कळायचे होते. आगीमुळे भाषण रद्द झाले आणि त्याऐवजी कॅथीड्रल पुन्हा उभारण्याची, पुढे पाच वर्षांत उभारण्याची, घोषणा झाली. पाठोपाठ फ्रान्समधल्या धनाढ्य पिनो कुटुंबाने १० कोटी युरो, आर्नो कुटुंबाने त्यांच्या उद्योगसमूहासह २० कोटी आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या लॉरिआलच्या मालक कुटुंबानेही कंपनीसह २० कोटी जाहीर केले. कित्येक महिने पगार आणि पेट्रोल यांच्यासाठी भांडणाऱ्या माणसाला 'तिजोरीत पैसा नाही' असे ऐकवले गेले होते. त्याने हे आकडे वाचून काय म्हणावे? त्यातच कंपन्यांना अशा देणगीवर ६० टक्के करसवलत मिळते, म्हणजे औदार्याचा मोठा वाटा अखेर सरकारी तिजोरीतूनच जातो, हेही लोकांच्या ध्यानात आले. पिनो कुटुंबाने ही सवलत घेणार नसल्याचे सांगितले, पण तोवर टीकेला धार चढली होती. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीने या पडक्या कॅथीड्रलकडे फ्रान्सचे लक्ष वेधले होते आणि आगीनंतर तीच कादंबरी पुन्हा धडाधड खपू लागली होती. तेव्हा कोणीतरी लिहिले की, नोत्र दामसाठी धावून आलेल्या दात्यांचे ह्यूगो आभार मानतो आणि आता त्याच्याच 'ले मिझेराब्ल' या दुसऱ्या कादंबरीसाठी, म्हणजे दीनदुबळ्यांसाठीही त्यांनी तेच करावे असे सुचवतो. पुढच्या शनिवारच्या मोर्चात हे वाक्य फलकांवर दिसले. फ्रेंच माणूस रागातही साहित्य सोडत नाही, याचे मला कौतुक वाटते.

हा राग खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्याने नेम मात्र चुकीच्या जागी धरला, असे मला वाटते. 'दगडांसाठी पैसा का?' याऐवजी 'दगड जळेपर्यंत पैसा का नव्हता?' असे विचारायला हवे होते. कॅथीड्रलची दगडी नक्षी झिजून गळत होती, तुटलेल्या भागांच्या जागी लाकडाचे आणि प्लॅस्टिकचे आधार दिले होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार सरकार देखभालीसाठी वर्षाला सुमारे २० लाख युरो देत होते आणि खऱ्या दुरुस्तीचा अंदाज १० कोटींच्या वर होता. पॅरिसच्या धर्मप्रांताने २०१७ मध्ये त्यासाठी खास न्यास काढून देशाबाहेरही झोळी फिरवली, पण तिच्यात फारसे पडले नाही. छपराखाली ओकच्या तुळयांची जी अफाट रचना होती, तिला 'अरण्य' म्हणत. तिचा बराचसा भाग तेराव्या शतकातला होता. त्या वाळलेल्या अरण्यात आग अडवणाऱ्या भिंती नव्हत्या आणि पाण्याचे फवारेही नव्हते. त्या दिवशी इशाऱ्याची घंटा वाजली ती सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. संदेशाचा अर्थ चुकीचा लावला गेल्याने तपासणारा माणूस भलत्याच माळ्यावर गेला आणि अग्निशमन दलाला कळेपर्यंत अर्धा तास निघून गेला. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण शेतकऱ्याच्या गोठ्यापुरती ठेवली आहे. ती युरोपातल्या श्रीमंत सरकारलाही लागू पडते.

आगीचे नेमके कारण तपासात निश्चित झाले नाही. घातपाताचा पुरावा मिळाला नाही. असे असूनही पहिल्या तासाभरातच समाजमाध्यमांवर आग कोणी लावली याचे निकाल लागले होते. तिकडे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विमानांतून पाणी ओतण्याचा सल्ला दिला आणि फ्रान्सच्या नागरी संरक्षण विभागाला सांगावे लागले की, तेवढ्या वजनाचे पाणी वरून पडले तर उरलेली वास्तूही कोसळेल. प्रत्यक्षात सुमारे ४०० जवान झुंजत होते. उत्तरेकडील मनोऱ्यात, जिथे घंटांच्या लाकडी चौकटीपर्यंत ज्वाळा पोचल्या होत्या, तिथे जीव धोक्यात घालून एक तुकडी वर चढली. त्या घंटा सुटल्या असत्या तर मनोराच गेला असता. कोणाचाही जीव गेला नाही.

देणग्यांचा हिशेबही पत्रलेखक मांडतात तसा नाही. एकूण सुमारे ८४ कोटी ६० लाख युरो जमले, ते १५० देशांतल्या ३ लाख ४० हजार देणगीदारांकडून. त्यांत दहा-वीस युरो पाठवणारेही होते. आग लागून दोन महिने झाले तरी जाहीर झालेल्या मोठ्या रकमा पोचल्या नव्हत्या. ढिगारा उपसणाऱ्या कामगारांच्या पगाराला तेव्हा आधार मिळाला तो छोट्या देणगीदारांच्या पैशांचा, आणि त्यांतले कितीतरी अमेरिकेतले होते. मोठ्या दात्यांनी नंतर शब्द पाळला, हेही सांगितले पाहिजे. पण गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, पावतीपुस्तकावरचा मोठा आकडा सावकाश येतो आणि आधी येते ते चाळीतल्या माणसाचे.

'एकीकडे ओल आली की दुसरीकडे कोरड पडते' हा पत्रलेखकांचा समज मला सर्वांत जास्त खटकला. त्याच वर्षी २६ मार्च ते ४ एप्रिल या काळात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीयांची तीन जुनी चर्च जाळण्यात आली होती. त्यांच्यासाठीची वर्गणी रखडत चालली होती. नोत्र दाम जळाल्यानंतर काहींनी लोकांना आठवण करून दिली की, पॅरिससाठी हळहळताना या तीन चर्चकडेही पाहा. आणि दोन-तीन दिवसांत तो निधी १८ लाख डॉलरच्या पुढे गेला. पॅरिससाठी ज्यांचे डोळे पाणावले त्यांतल्याच पुष्कळांनी हे पैसे दिले असणार. याउलट सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातील बहुतांश नाहीशा झाल्या, आणि जगाने त्यासाठी असे काही केले नाही. ही विषमता खरी आहे. मात्र तिचा दोष पॅरिसच्या काठावर रडणाऱ्या बाईच्या माथी कसा मारायचा?

त्या सगळ्या गोंगाटात एक प्रतिक्रिया दबली गेली. छपरावर आणि मनोऱ्यावर मिळून सुमारे ४०० टन शिसे होते. त्याची धूळ आसपासच्या रस्त्यांवर, शाळांच्या अंगणांत बसली. पालकांनी मुलांच्या रक्ताच्या तपासणीची मागणी केली, पर्यावरण कार्यकर्त्यांनी तक्रारी केल्या, काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये कामही तीनेक आठवडे थांबवावे लागले. त्या पालकांना कॅथीड्रलचे प्रेम कमी होते असे नाही. पण 'पाच वर्षांत' या घोषणेच्या उत्साहात त्यांचे म्हणणे कुरकुरीसारखे ऐकले गेले. नवे छपरही पुन्हा शिशाचेच घातले आहे.

नव्या मनोऱ्याच्या वादावर बरेच लिहून झाले आहे. काचेचे छत, वर बाग, अगदी पोहण्याचा तलाव, अशा सूचना आल्या आणि २०२० मध्ये 'होते तसेच' हा निर्णय झाला. गंमत एवढीच की, जो 'होता' तो मनोरा १८५९ मध्ये व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने उभारलेला, म्हणजे त्या काळचा नवाच. गोव्यात सी कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो पुन्हा बांधलाच गेला नाही. आज ते एका मनोऱ्याचे रूपच आपल्याला मूळचे वाटते.

हे सारे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे, ते कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा मी त्या गर्दीत होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले ते रंगमंदिर, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. पाणी कसे मारावे हे सांगणारे तज्ज्ञ त्या गर्दीतही होते, आणि अफवाही होत्या. पन्नाशी-साठीची माणसे, तिथे कधी एक ओळही म्हटली नसेल अशी, लहान मुलासारखी रडत होती. त्या रात्री त्यांना कोणी 'गावात उपाशी माणसे नाहीत का' असे विचारले असते, तर मला ते क्रूर वाटले असते. पॅरिसच्या लोकांना तोच प्रश्न विचारताना तो न्याय्य कसा ठरतो, हे मला कळत नाही.

नोत्र दामच्या नव्या छपराखाली आता उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत, धुक्यासारखे पाणी फवारणारी यंत्रणा आहे, आणि देणगीतून उरलेले सुमारे १४ कोटी युरो बाहेरच्या बाजूच्या झिजलेल्या दगडकामावर खर्च व्हायचे आहेत. आपल्या वृत्तात उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावे होती, यातले काहीच नव्हते. आपल्या प्रतिनिधीने ती माहिती छापावी आणि तिच्या शेजारच्या रकान्यात, आपल्या शहरातल्या उरलेल्या जुन्या लाकडी वास्तूंची वायरिंग शेवटची कधी तपासली गेली याची तारीख द्यावी, अशी विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर