वाघबारशीला चलाच

ती. आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बघू" म्हणाला असतात आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहितेय. एकादशी आणि वसुबारस अशा दोन रात्री आपण भंडारदऱ्याजवळ, कळसूबाईच्या पायथ्याशी राहणार आहोत. पैसे भरलेत. धनत्रयोदशीला दुपारी नाशिकला परत. आई, यमदीप आपल्याच दाराशी लागेल.

धरणाकाठचं मोठं हॉटेल घे, असं दादा म्हणत होता. घेता आलं असतं. पण आपण राहणार ते घर महादेव कोळी कुटुंबं मिळून चालवतात. कुडाच्या भिंती, वर कौलं, सारवलेली जमीन. बाबा, दिवाळीनंतर राजूरला तुमचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, आठवतं ना? भात निघाला की आई-बाप पोरं घेऊन नारायणगावकडे मजुरीला. तुम्ही घरी येऊन न बोलता बसायचात. जागा बघायला गेले तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, पाहुणे येतात म्हणून यंदा मुलींची शाळा सुटली नाही. ते ऐकलं आणि मी तिथेच पैसे दिले. खरं कारण एवढंच आहे.

आता सोयींचं. मी स्वतः एक रात्र राहून आलेय. खाट आहे, खाली झोपायचं नाही. कमोड आहे, शेजारी धरायला दांडी मी सांगून बसवून घेतली. आंघोळीला बंबाचं कढत पाणी. रात्री सौर दिवा मंद असतो, म्हणून बॅटरी आणतेय. जेवायला नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, काळभात. बाबांचं मीठ कमी करायला सांगितलंय. आणि आई, ताईंकडे घरचं बियाणं आहे, कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरेंसारखं जपलेलं. तुला वालाचं हवं होतं ना?

वसुबारस तिथे वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराखी गुरांची राखण मागतात. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलंय बाबा, आणि घाबरून तुमचे केस घट्ट धरले होते. परत येताना तुम्ही इंग्रजांशी लढलेल्या राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगायचात. 2 मे 1848, ठाण्याच्या तुरुंगात फाशी. ती तारीख मला शाळेच्या आधी तुमच्याकडून पाठ झाली.

गेल्या वर्षी अँजिओप्लास्टीला मी तिसऱ्या दिवशी पोचले आणि तुम्ही मलाच विचारलंत, "जेवलीस का?" त्यावर मी काहीच बोलू शकले नाही. हे दोन दिवस म्हणजे त्याची भरपाई, असं नका समजू. मला फक्त तुमच्याजवळ बसायचंय, फोन बंद करून.

डॉक्टरांना विचारलंय, हरकत नाही म्हणाले. तरी त्या आठवड्यात बीपी तपासून आकडा मला कळवा. गोळ्या पाच दिवसांच्या घ्या, हातपिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही. स्वेटर, कानटोपी, गुडघ्याचा पट्टा. चढायचं काही नाही, कळसूबाईला अंगणातूनच हात जोडायचे. घोटीमार्गे गाडी मीच चालवणार, बाबा, त्यावर वाद नको. आई, चिवडा-लाडू आधी करून ठेवू नकोस, कंबर धरेल. परत आल्यावर मी बसते तुझ्याबरोबर. आणि तो जुना काळा छत्रीचा दांडा काठी म्हणून आणू नका, नवी काठी कपाटामागे आहे.

तुमची,
छकुली