काँक्रीटचे फर्निचर कोरडे घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत घरसजावटीच्या पानांवर, आपल्या पुरवणीतही, घोटीव काँक्रीटचे टीपॉय, बाक आणि वॉशबेसिनचे ओटे वरचेवर दिसू लागले आहेत. ती छायाचित्रे पाहून पुष्कळ हौशी मंडळी सिमेंटचे एखादे पोते आणून गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये असे फर्निचर स्वतः करू लागली आहेत. मी स्थापत्य पदविकेच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे काँक्रीट शिकवले आणि घरच्या वापराची टेबले, बाकही केले, त्यामुळे या हौसेचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र अशा लेखांत साचा आणि रंग यांविषयी जेवढे लिहिले जाते, त्याच्या दशांशही पृष्ठभाग घासून चकचकीत करण्याविषयी लिहिले जात नाही. परिणामी लोक साध्या ग्राइंडरला डायमंड कप (हिऱ्याच्या कणांची वाटीसारखी चकती) लावून, तोंडाला रुमाल बांधून, काँक्रीट कोरडेच घासताना दिसतात. हे थांबले पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काँक्रीटची चकाकी वॉर्निशसारखी शेवटी वरून चढवता येत नाही; ती कालवण्यापासून ठरत जाते. १२० बाय ६० सेंटिमीटरचे, ४ सेंटिमीटर जाडीचे टेबल घेतले तर त्याला साधारण १२ ते १३ किलो सिमेंट लागते आणि पाणी पाच लिटरच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ४० टक्के, पुरते. एवढ्या पाण्यात माल घट्ट वाटतो, घमेल्यातून साच्यात सहज सरकत नाही, आणि नवखा माणूस लगेच आणखी तांब्याभर पाणी ओततो. ते जादा पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. असा पृष्ठभाग कितीही घासला तरी त्याची पिठी सुटत राहते. माल सैल हवाच असेल तर प्लास्टिसायझर वापरावा, तो बांधकाम साहित्याच्या दुकानात छोट्या डब्यांतही मिळतो.

साच्यासाठी सनमायका लावलेला किंवा फिल्म फेस प्लायवूड उत्तम, कारण टेबलाची वरची बाजू साच्याच्या तळाशी ओतली जाते आणि तळ जितका गुळगुळीत तितके पुढचे घासणे कमी. कोपऱ्यांत सिलिकॉनची बारीक रेघ ओढली की कडा गोलसर निघतात. आत वेल्डमेश (लोखंडी तारांची जाळी) घालायची असेल तर ती तळाला टेकू देऊ नये, कारण तिच्या खालचा, म्हणजे टेबल उलटल्यावर वर येणारा, थर पातळ राहिला तर गंजाची रेघ पृष्ठभागावर उमटते. माल ओतताना साच्याच्या बाजूंवर लाकडी ठोकळ्याने सर्व अंगांनी ठोकत राहावे. तरीही हवेचे काही बुडबुडे राहतातच, त्यांचे काय करायचे ते पुढे सांगतो.

साचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडला की बहुतेकांचा संयम संपतो. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस ओले ठेवायचे असते. कोरड्या, उष्ण हवेत हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस करावेत अशी शिफारस आहे. दुकानात आज बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट मिळते, हे लक्षात घेता विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे या काळात दोन आठवडे पाणी मारण्याला पर्याय नाही. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. स्लॅबवर टाकतो तसे गोणपाट फिकट रंगाच्या टेबलावर टाकले तर त्याचा तपकिरी रंग उतरतो, आणि नुसते प्लास्टिक टाकले तर ते जिथे चिकटते तिथे काळपट ढग उमटतात, जे घासूनही पुरते जात नाहीत. धुतलेले पांढरे सुती कापड, जुने धोतर असेल तर फारच चांगले, ओले करून सर्वत्र सारखे पसरावे आणि त्यावर प्लास्टिक झाकावे.

या मेहनतीनंतर घासण्याची पाळी येते, आणि त्याबाबत आपल्याला परक्या देशांतील चलचित्रांकडून शिकण्याची गरज नाही. मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींत आजही शाबूत असलेल्या मोझॅक लाद्या हे घोटीव काँक्रीटच आहे. सिमेंटच्या लाद्या करणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ साली सुरू झाली. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे शंभरी ओलांडून गेला आहे. लाद्या घासणाऱ्या कारागिराचा क्रम ठरलेला असतो: आधी जाड दगडाने पहिला हात, मग त्याच रंगाच्या सिमेंटचा पातळ लेप सगळीकडे घोटून बारीक भोके बुजवणे, लेपाला काही दिवस पाणी, त्यानंतर मधल्या दगडाचा हात आणि शेवटी बारीक दगड व ऑक्झॅलिक ॲसिड. बुडबुड्यांवर उपाय तोच: पहिल्या हातानंतर लेप. तो आधी भरला तर पहिल्याच घासण्यात निघून जातो आणि खाली नवी भोके उघडी पडतात. शिवाय या सगळ्या क्रमात यंत्राखाली सतत पाणी असते. तो राडा पाहून आपण नाक मुरडतो, पण त्या राड्यामुळेच धूळ हवेत उडत नाही.

धुळीविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. काँक्रीटमधल्या वाळूत आणि पांढऱ्या क्वार्ट्झच्या ग्रिटमध्ये (बारीक खड्यांत) स्फटिकरूप सिलिका असते, आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसले की सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मधील अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांच्या यादीत तो होता. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या आणि गुजरातमधील खंभातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांनी त्याची किंमत मोजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आपल्या काळ्या पाषाणाची खडी आणि क्रश सँड यांत मुक्त सिलिका तुलनेने कमी असते हे खरे, पण नदीची वाळू, क्वार्ट्झ पावडर किंवा पांढरी ग्रिट वापरणाऱ्याला त्या कमीपणाचा काही उपयोग नाही. एखाद-दुसरे टेबल करणाऱ्याला कामगारांइतका धोका नसतो, हेही मी मान्य करतो. तथापि गच्चीवरची ती धूळ शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, जिन्यातून घरांत शिरते, आणि ती श्वासावाटे घेणाऱ्या लहान मुलाला कोणी विचारलेले नसते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे तर कोणत्याही कारणाने कापू-घासू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते.

पाणी वापरायचे ठरवले की दुसरा धोका उभा राहतो, तो विजेचा. साधा अँगल ग्राइंडर आणि वाहते पाणी यांची गाठ घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पाण्यासाठीच बनवलेला वेट पॉलिशर वापरावा आणि तो ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या आरसीसीबीवरूनच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच) चालवावा. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी वीज बाजूला ठेवून हाताचे डायमंड पॅड किंवा गाड्या रंगवणारे वापरतात तो वॉटर पेपर घ्यावा, आणि १२०, २२०, ४००, ८०० अशा चढत्या क्रमाने ओल्यातच घासावे. एका छोट्या स्टुलाला यात सुट्टीचा दिवस जातो, खांदे दुखतात, पण निघणारी झळाळी यंत्राच्या तोडीची असते. क्रमांक गाळू नये. १२० चे ओरखडे ८०० ने जात नाहीत, ते फक्त चमकतात. घासताना रबरी हातमोजे हवेत, कारण ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असून कातडी सोलवटते. निघालेला राडा सोसायटीच्या मोरीत ओतू नये, तो नळीत थिजतो. बादलीत निवळू द्यावा आणि तळाचा गाळ सुकवून बांधकामाच्या राडारोड्यात टाकावा.

घासून झाल्यावर लिथियम सिलिकेटचे द्रावण मारले तर ते सिमेंटमधल्या मुक्त चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करते. डाग मात्र त्याने थांबत नाहीत. आपल्या जेवणात हळद, चिंच, कोकम आणि लिंबू रोजचेच. आम्ल पदार्थ सिमेंटला खातात आणि झळाळीवर पांढुरके ठिपके उरतात. जेवणाच्या टेबलाला म्हणूनच दोन भागांचा पॉलियुरेथेनचा लेप द्यावा, आणि तो दिल्यावरही सांडलेले लगेच पुसावे. नुसत्या मेणावर केवळ शोभेचे टीपॉय निभावते.

वजनाबद्दल थोडेसे. वर सांगितलेल्या टेबलाचा नुसता माथाच सुमारे ७० किलो भरतो. असा बाक किंवा मोठ्या कुंड्या जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या गॅलरीत ठेवण्याआधी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. गॅलरीच्या सळ्या गंजलेल्या असतील तर बाहेरून ते कळत नाही.

आपल्याला माझी विनंती आहे की, यापुढे अशा फर्निचरविषयी मजकूर छापताना ओले घासणे, आरसीसीबी आणि एन-९५ मास्क यांविषयीच्या चार ओळी त्याच पानावर, छायाचित्राइतक्याच ठळकपणे द्याव्यात. तसेच लाद्या घासणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराची सविस्तर मुलाखत पुरवणीत घ्यावी. व्हिट्रिफाइड टाइल्स आल्यापासून त्यांचे काम आटले आहे, आणि हौशी लोकांना जे शिकायचे आहे ते नेमके त्यांच्याच हातात आहे. शक्य असेल तर आपल्या टेबलाचे शेवटचे घासणे वाचकांनी त्यांच्याकडूनच, रास्त मजुरी देऊन करून घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली