मुदत संपलेल्या पुस्तकांना आवाज द्यावा, पण आधी संमतिपत्र लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून सरकारने आता काय करावे, निधी किती यावा आणि तो कुणाकडे जावा, याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले आहे. ती चर्चा आवश्यकच आहे. मात्र सरकारकडे अर्ज न करता, गावोगावच्या वाचनालयांतील चार-सहा वाचकांना स्वतःच्या हिमतीवर सुरू करता येईल असे एक काम आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली मराठी पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावीत आणि ती मुद्रणे कुणालाही ऐकता, वाटता आणि पुन्हा वापरता येतील अशा रीतीने खुली ठेवावीत, असे हे काम. त्यात एक अडचण आहे. तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावरील हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, असे दिसताच ती साठ करण्यात आली, म्हणजे एका कवीसाठी साऱ्या देशाला दहा वर्षे थांबावे लागले. या हिशेबाने साने गुरुजींचे लेखन १ जानेवारी २०११ पासून, मर्ढेकरांचे १ जानेवारी २०१७ पासून आणि चिं. वि. जोशी यांचे १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचे झाले आहे. हरिभाऊ आपटे, केशवसुत, गडकरी, बालकवी आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या पुस्तकांची मुदत तर त्याच्या कितीतरी आधी संपली. ही पुस्तके छापायला, वाचून दाखवायला, त्यांचे नाट्यरूपांतर करायला आज कुणाचीही परवानगी लागत नाही.

अडचण सुरू होते ती पुस्तक आवाजात आणल्यावर. पुस्तक मुक्त असले, तरी त्याच्या वाचनाच्या ध्वनिमुद्रणावर नवा हक्क निर्माण होतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे टिकतो, आणि वाचणाऱ्याला कलावंत म्हणून पन्नास वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. हौसेने, एका पैचीही अपेक्षा न ठेवता एखाद्या मंडळाने गडकऱ्यांचे नाटक वाचून काढले आणि कागदावर काहीच ठरवले नाही, तर शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या नाटककाराच्या मुक्त संहितेचे हे वाचन कायद्याच्या दृष्टीने कुलपात जाते आणि त्या कुलपाच्या किल्ल्या आठ-दहा वाचकांत वाटल्या जातात. पुढे त्यांतला एखादा परदेशी जातो, एखादा निवर्ततो, आणि मग ते मुद्रण शाळेत लावायचे किंवा त्यावरून श्राव्य मालिका करायची, तर परवानगी कुणाकडे मागायची हे कुणालाच सांगता येत नाही. विनामूल्य ऐकायला मिळते याचा अर्थ पुन्हा वापरायची मुभा आहे असा होत नाही, हे आपल्याकडील अनेक सद्हेतू उपक्रमांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून मायक्रोफोनच्या आधी एक पानी संमतिपत्र हवे. प्रत्येक वाचकाने पहिल्याच दिवशी त्यावर सही करून आपले वाचन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी, कोणत्या परवान्याखाली खुले होत आहे, हे मान्य करावे. त्यांतला श्रेयनिर्देश आणि समान वाटप या दोन अटींचा परवाना मला योग्य वाटतो. मराठी विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्याखाली असतो. वापरणाऱ्याने वाचकाचे नाव द्यायचे आणि त्यात भर घालून नवे काही केले, तर तेही तितकेच खुले ठेवायचे, एवढीच त्याची मागणी आहे. आपले श्रम कुणी विकू नयेत म्हणून व्यावसायिक वापरावर बंदी घालावी, असे पुष्कळांना वाटेल. भावना समजण्यासारखी असली, तरी त्या बंदीने मोठे व्यापारी अडत नाहीत, अडतात ती लहान माणसे. जाहिरातींवर चालणारे छोटे नभोवाणी केंद्र किंवा यात्रेत पेनड्राइव्ह विकणारा दुकानदार ते मुद्रण वापरू शकत नाही, आणि विकिमीडिया कॉमन्स हे विकिपीडियाचे चित्रे आणि ध्वनिमुद्रणांचे खुले भांडार तर अशी बंदी असलेली सामग्री स्वीकारतच नाही. कुणी विकले तरी मूळ मुद्रण खुलेच राहते, मग बिघडले कुठे?

पुस्तक निवडतानाही सावध राहावे लागेल. बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या, पण त्यांच्या कवितांचे पुस्तक १९५२ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात आले. मरणोत्तर प्रकाशनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्या कविता १ जानेवारी २०१३ पासून मुक्त आहेत. त्याच पुस्तकाला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणून ती प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत परवानगीशिवाय वाचून मुद्रित करता येणार नाही. ज्ञानेश्वरीची ओवी सर्वांची आहे, पण अलीकडच्या आवृत्तीतील अर्थ आणि टिपा त्या अभ्यासकाच्या आहेत. अनुवादकाचा हक्कही मूळ लेखकाच्या हक्काहून निराळा मोजावा लागतो. वाचनालयातील जुन्यात जुनी प्रत काढावी आणि तिच्या शीर्षकपानाचे व छपाईच्या वर्षाच्या पानाचे छायाचित्र ध्वनिमुद्रणासोबत ठेवावे, म्हणजे पुढे वाद उद्भवला तर पुरावा हाताशी राहील.

जुन्या प्रतीतून वाचणे हेही शिकण्याचे काम आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘तेव्हां’ असे अनुस्वार जागोजागी दिसतात. ते डोळ्यांनी पाहायचे आणि जिभेने सोडून द्यायचे असतात, पण नव्या वाचकाला हे कुणीतरी सांगावे लागते. यंत्राकडून वाचून घेण्याची सोय आता झाली आहे, मग माणसांनी कशाला शिणायचे, असा प्रश्न येईलच. पण ‘चूल’मधला च आणि ‘चंद्र’मधला च लिहायला एकच असून बोलायला वेगळे आहेत, आणि यंत्र तिथे अजून घसरते. शिवाय चिमणरावाची फजिती वाचताना नेमके कुठे थांबायचे, हे हसणाऱ्या माणसालाच कळते. बहिणाबाईंच्या कविता तर जळगावकडच्या, त्या बोलीत वाढलेल्या बाईनेच वाचाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईच्या सराईत निवेदकाने ती बोली वठवून दाखवण्यात मला काही हशील दिसत नाही.

खर्च म्हणाल तर तो किरकोळ आहे. वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी आतली खोली मागून घ्यावी, खिडकीवर जाड गोधडी टाकावी, पंखा बंद करावा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबावे. बऱ्यापैकी मोबाइल आणि एक साधा मायक्रोफोन सुरुवातीला पुरतो, आणि ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी ही प्रणाली विनामूल्य मिळते. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने हातात पुस्तक धरून ते पुन्हा ऐकावे. ही दुसरी पायरी कंटाळवाणी असते, पण गाळलेली ओळ तिथेच सापडते. तयार प्रकरणे इंटरनेट आर्काइव्ह हा महाजालावरील विनामूल्य संग्रह आणि विकिमीडिया कॉमन्स अशा दोन्ही ठिकाणी ठेवावीत, कारण स्वतःचे संकेतस्थळ काढणारे उपक्रम त्याचे वार्षिक शुल्क भरायला कुणी उरले नाही की नाहीसे होतात.

सरकारी मदत नकोच, असे मी म्हणत नाही. विश्वकोश महाजालावर आला तो शासनामुळेच, आणि त्याचा उपयोग आपण सारे करतो. परंतु अनुदानावर उभ्या राहिलेल्या कामाची कालमर्यादा अनुदानाइतकीच असते, पुस्तकांची निवड समितीकडे जाते, आणि आवाजही मग ‘प्रमाण’ निवडले जातात. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुण्यातून, खेड्यापाड्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन जे काम उभे केले, त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवलेले असल्यामुळे तो संग्रह आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावरून लोकांसमोर येऊ शकतो आहे.

दृष्टिहीन आणि इतर दिव्यांग वाचकांसाठी पुस्तके श्राव्य स्वरूपात आणण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, पण ती त्यांच्यापुरतीच मर्यादित आहे. मुदत संपलेल्या पुस्तकांच्या बाबतीत त्या सवलतीची गरजच पडत नाही. डोळे अधू झालेल्या आजोबांनी आणि परराज्यात वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण देवनागरी सराईतपणे न वाचणाऱ्या नातवाने एकच मुद्रण ऐकावे.

१९६६ साली निवर्तलेल्या लेखकांचे साहित्य १ जानेवारी २०२७ रोजी मुक्त होईल. ज्या वाचनालयांना हे काम करावेसे वाटेल, त्यांनी त्या तारखेच्या आत आपली दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, काढून मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी करावी आणि ती आपल्या फलकावर लावावी. कोणते पुस्तक कुठे वाचले जात आहे हे जिल्ह्याजिल्ह्यांत कळले, तर एकच कादंबरी तीन ठिकाणी वाचली जाऊन बाकीची कपाटात पडून राहणार नाहीत. आपल्या वृत्तपत्राने अशा याद्यांसाठी रविवारच्या अंकात थोडी जागा दिली, तर सुरुवात याच वर्षी होऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा