मधल्या रात्रीची जबाबदारी कोणाची? नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र कोडशेअर विमानांच्या चेक-इनबद्दल आहे, आणि त्यातही ज्या प्रवासात दोन विमानांच्या मध्ये एक रात्र येते त्याबद्दल. विषय बारीक वाटेल. पण या एका रात्रीत प्रवासी जितका एकटा पडतो तितका तो हवाई प्रवासात क्वचितच पडतो. धुके, वादळ, यंत्रातला बिघाड यांवर कोणाचा इलाज नसतो, हे प्रवाशाला कळते. इथे मात्र सगळे वेळापत्रकाप्रमाणे चाललेले असतानाही त्याचे हाल होतात, कारण त्या रात्रीची जबाबदारी कोणावरच स्पष्टपणे टाकलेली नाही. ती टाकण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

एका कंपनीने आपल्या नावाने आणि क्रमांकाने तिकीट विकायचे आणि विमान दुसरीने उडवायचे, ही कोडशेअरची पद्धत आता सर्रास झाली आहे. तिचे फायदे मी नाकारत नाही. एकाच तिकिटावर दूरच्या शहरापर्यंत जाता येते, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनी झटकू शकत नाही. दोन सुटी तिकिटे काढणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की जो प्रवास एक म्हणून विकला तो चेक-इनच्या काउंटरवरही एकच राहिला पाहिजे.

तो कसा राहत नाही, हे एका साध्या वेळापत्रकावरून दिसेल. समजा, पहिले विमान संध्याकाळी ८ वाजता सुटते आणि रात्री साडेअकराला मधल्या विमानतळावर उतरते. पुढचे विमान भागीदार कंपनीचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता. मध्ये साडेअठरा तास. आंतरराष्ट्रीय भाड्याच्या नियमांत २४ तासांच्या आतला थांबा हा सर्वसाधारणपणे 'कनेक्शन' धरतात, म्हणजे हिशेबाने हा अखंड प्रवास झाला. आता प्रवासी नियमाप्रमाणे तीन तास आधी, ५ वाजता, काउंटरवर येतो. त्या क्षणी त्याच्या दुसऱ्या विमानाला २५ तास बाकी असतात. भागीदार कंपनीचे चेक-इन २४ तास आधी उघडत असेल, तर संगणक दुसरा बोर्डिंग पास देतच नाही. भाड्याच्या नियमाने प्रवास एक, चेक-इनच्या घड्याळाने दोन. या दोन नियमांचा मेळ बसतो का, हे तिकीट विकण्याआधी कोणी तपासलेले नसते.

बोर्डिंग पास नंतर घेता येईल, असे म्हणता येते. खरा प्रश्न बॅगेचा आहे. काही कंपन्या दुसरा बोर्डिंग पास देता आला नाही तरी बॅग शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग करून देतात. काही कंपन्या मध्ये रात्र दिसली की टॅग मधल्या विमानतळापर्यंतच लावतात. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला त्यात फार काही करता येत नाही. तो आपल्या कंपनीचे नियम आणि समोरचा पडदा यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्यांच्यातले अनेक जण मनापासून धडपडतात, भागीदार कंपनीला फोन लावतात, हेही मी पाहिले आहे. त्यांच्यावर माझा राग नाही.

टॅग मध्येच संपला की पुढची साखळी सुरू होते, आणि मंत्रिमहोदय, आपण नेमके इथे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. बॅग मधल्या विमानतळावर पट्ट्यावर येणार. ती घ्यायची तर प्रवाशाला इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावे लागणार. त्यासाठी व्हिसा लागत असेल, तर तो त्याच्याकडे नसतो, कारण तिकीट काढताना त्याची समजूत अशी होती की आपण ट्रान्झिटमध्येच राहणार आहोत. पुरेशी कागदपत्रे नसलेला प्रवासी आणला म्हणून अनेक देश विमान कंपनीला दंड करतात. त्यामुळे पहिल्या काउंटरवरचा कर्मचारी त्याला विमानात घ्यायलाच नकार देऊ शकतो. म्हणजे पूर्ण पैसे भरलेला, पासपोर्ट आणि अंतिम देशाचा व्हिसा बरोबर असलेला माणूस घरी परत पाठवला जातो, आणि त्याचे मूळ कारण असते दोन भागीदार कंपन्यांनी बॅगेविषयी न केलेला समझोता. पहिले विमान हुकले की त्याच तिकिटावरची पुढची सगळी विमानेही बहुतेक वेळा रद्द होतात. नोंद मात्र अशी होते, की प्रवाशाची कागदपत्रे अपुरी होती.

व्हिसा लागत नसेल तरी रात्र सोपी नसते. मध्यरात्री बॅगा घेऊन माणूस बाहेरच्या भागात येतो. पुढच्या कंपनीचे काउंटर बंद असते. ते विमान सुटण्याआधी काही तासच उघडते. बॅगा जमा करता येत नाहीत, म्हणून सुरक्षा तपासणीच्या आत जाता येत नाही, आणि विश्रांतीच्या जागा बहुतेक ठिकाणी आतच असतात. काही विमानतळ तर रात्री बंदच होतात. माझ्या नात्यातल्या एका ज्येष्ठ जोडप्याने अशी रात्र बाकावर बसून काढली. व्हीलचेअरची विनंती त्यांनी तिकीट काढतानाच नोंदवली होती. पहिल्या विमानापर्यंत ती मिळाली, दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत ती पोचलीच नव्हती. सकाळी मदत मागायला गेल्यावर त्यांना सांगण्यात आले, की तिकीट ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याशी बोला. तिकीट विकणाऱ्या कंपनीचे त्या विमानतळावर कार्यालयच नव्हते.

असे होऊ नये म्हणून घरूनच ऑनलाइन चेक-इन करावे, असा सल्ला मिळतो. तो पाळणेही कठीण जाते. विकणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ सांगते, की हे विमान भागीदार चालवतो, तिकडे जा. तिकडे गेल्यावर बुकिंगचा सहा अक्षरी क्रमांक सापडत नाही, कारण प्रत्येक कंपनी आपल्या प्रणालीत त्याच बुकिंगला स्वतःचा वेगळा क्रमांक देते आणि तो दुसरा क्रमांक प्रवाशाला कित्येकदा कळवलेलाच नसतो. तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक मात्र दोन्हीकडे तोच असतो. जाणकार प्रवाशाला हे ठाऊक असते. पहिल्यांदा परदेशी निघालेल्याला ते कोणी सांगावे?

यातले काहीच तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. एका कंपनीच्या चेक-इन प्रणालीने दुसरीकडे प्रवाशाची नोंद करावी यासाठी प्रमाणित संदेशपद्धती अनेक वर्षे वापरात आहे. बॅगेच्या टॅगवरचा दहा अंकी क्रमांक जगभर वाचता येतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या आयाटाचा ७५३ क्रमांकाचा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सदस्य कंपन्यांनी बॅग स्वीकारताना, विमानात चढवताना, दुसऱ्या कंपनीकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना तिचा माग ठेवायचा असतो. बॅग एका कंपनीकडून दुसरीकडे जाणार हे त्यात गृहीतच धरले आहे. रात्र मध्ये आली म्हणून ही साखळी तोडण्याचे कारण बऱ्याचदा बॅग कुठे ठेवायची, तिच्यावर नजर कोणी ठेवायची आणि तो खर्च कोणी सोसायचा, हे ठरलेले नसणे एवढेच असते.

कायद्याची दिशाही प्रवाशाच्या बाजूची आहे. १९९९ च्या माँट्रियल कराराच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे, की अनेक वाहकांनी मिळून केलेली वाहतूक संबंधितांनी एकच व्यवहार मानली असेल तर ती अखंड वाहतूक धरावी. त्याच करारातले पाचवे प्रकरण करार करणारा वाहक आणि प्रत्यक्ष नेणारा वाहक यांच्याबद्दल आहे: करार करणारा संपूर्ण प्रवासाला बांधील, प्रत्यक्ष नेणारा आपल्या टप्प्यापुरता, आणि भरपाईचा दावा कोणावर लावायचा हे ठरवण्याची मुभा प्रवाशाला.

युरोपीय न्यायालयाचा जुलै २०१९ चा निकाल याहून बोलका आहे. प्रागहून अबू धाबीमार्गे बँकॉकला जाणाऱ्या अकरा प्रवाशांनी चेक एअरलाइन्सकडून एकाच बुकिंगवर तिकिटे घेतली होती. पहिले विमान त्या कंपनीने वेळेवर पोचवले. कोडशेअरखाली एतिहादने चालवलेले दुसरे आठ तासांहून अधिक उशिरा पोचले. आमच्या टप्प्यात उशीर झालाच नाही, असा चेक एअरलाइन्सचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. बुकिंग एक, म्हणून प्रवास एक. भरपाई पहिल्या कंपनीने द्यावी आणि हवी तर भागीदाराकडून वसूल करावी, असा त्याचा आशय आहे. कंपन्यांमधला हिशेब कंपन्यांनी आपसात मिटवावा, प्रवाशाला मध्ये उभे करू नये, हे तत्त्व त्यात आले आहे.

पण हे सगळे नुकसान झाल्यानंतरचे. रात्री दीड वाजता बंद काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला न्यायालयाचा निकाल उपयोगी पडत नाही. त्याला आधीच घालून दिलेला नियम हवा, आणि असा नियम करता येतो याचे उदाहरण आहे. अमेरिकेत २०१२ पासून, त्या देशात येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या प्रवासात एका तिकिटावर सुरुवातीला जी बॅगेची मर्यादा आणि शुल्क लागू होते तेच शेवटपर्यंत लागू राहते, मग विमाने किती का कंपन्यांची असेनात. प्रत्येक टप्प्याला वेगळा नियम हे पूर्वी अपरिहार्य मानले जात होते. सरकारने ठरवल्यावर ते बदलले.

आपल्या हातात याहून थेट साधन आहे. आंतरराष्ट्रीय कोडशेअर ही निव्वळ खासगी बाब नाही. ती देशादेशांतल्या हवाई सेवा करारांच्या चौकटीत चालते आणि बहुतेक ठिकाणी तिला सरकारची मंजुरी लागते. त्या मंजुरीलाच अट जोडता येईल. एका तिकिटावर आणि २४ तासांच्या आत थांबा असलेला प्रवास विकायचा, तर पहिल्याच काउंटरवर बॅग शेवटपर्यंत टॅग झाली पाहिजे. पुढचे चेक-इन वेळेअभावी उघडले नसेल, तर ते या प्रवाशांपुरते उघडण्याची सोय भागीदारांनी आपसात करावी. हे जमत नसेल, तर ती जोडणी विकूच नये.

अपवाद असतील, हे मला मान्य आहे. अमेरिकेसारख्या देशात प्रवेशाच्या पहिल्या विमानतळावर साधारणपणे बॅग घेऊन कस्टम्समधून न्यावीच लागते. काही ठिकाणी सुरक्षेच्या कारणाने बॅग रात्रभर ठेवता येत नसेल. लहान विमानतळांवर जागेचा प्रश्न खरा असतो. अशा वेळी पैसे भरण्याआधी, अटींच्या लांबलचक पानात न दडवता, प्रवाशाला ठळकपणे सांगावे: बॅग मध्ये घ्यावी लागेल, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागेल, व्हिसा तपासून घ्या, पुढचे काउंटर अमुक वाजता उघडेल, भागीदार कंपनीकडचा तुमचा बुकिंग क्रमांक हा. विमान प्रत्यक्ष कोण उडवणार हे आधी सांगण्याचे बंधन युरोपात २००५ च्या नियमाने घातले गेले. त्याच धर्तीवर बॅग कुठपर्यंत जाणार हेही सांगायला लावता येईल. आणि हे न सांगितल्यामुळे एखाद्याला विमानात घेतले नाही, तर त्याची गणना 'कागदपत्रे अपुरी' यात न होता 'कंपनीने विमानात घेणे नाकारले' यात व्हावी आणि तशीच भरपाई मिळावी. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे. चुकीची किंमत ती करणाऱ्याला मोजावी लागल्याशिवाय माहिती ठळक अक्षरांत येणार नाही.

व्हीलचेअर, एकटी प्रवास करणारी मुले आणि औषधे यांबद्दल स्वतंत्र तरतूद हवी. तिकीट विकणाऱ्या कंपनीने घेतलेली मदतीची विनंती दुसऱ्या कंपनीला पोचली आणि तिने ती स्वीकारली, याची लेखी पोच प्रवाशाला मिळावी. बॅग शेवटपर्यंत टॅग झाली असेल आणि मध्ये रात्र असेल, तर औषधे व रात्रीपुरते कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, हे काउंटरवर सांगणे सक्तीचे असावे. त्या रात्रभर दोन्हींपैकी एका कंपनीचा तरी, प्रवाशाच्या भाषेत नसला तरी निदान त्याला समजेल अशा भाषेत बोलणारा माणूस फोनवर उपलब्ध असावा. ध्वनिमुद्रित आवाज नको.

कंपन्या खर्चाचे कारण पुढे करतील. खर्च येईल, हे खरेच आहे. पण आजही तो होतोच आहे. फक्त तो प्रवाशाच्या खिशातून, त्याच्या झोपेतून आणि कधी कधी बुडालेल्या संपूर्ण तिकिटातून होतो आहे. कोडशेअरमुळे न उडवलेली विमानेही आपल्या नावाने विकता येतात, हा लाभ कंपन्यांना मिळतो. त्या लाभाबरोबर एका रात्रीची जबाबदारी मागणे जास्त नाही.

नियम करताना आपण विमान कंपन्यांना आणि विमानतळ चालकांना चर्चेला बोलवालच. त्या बैठकीत चेक-इन काउंटरवर आणि ट्रान्सफर डेस्कवर रात्रपाळी करणाऱ्यांनाही बोलवावे. टॅग कुठे अडतो, कोणत्या भागीदाराची प्रणाली उत्तर देत नाही, कोणत्या वेळी फोन उचलला जात नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच सांगता येणार नाही. त्यांची नावे उघड न करता त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. सुरुवात नव्या कोडशेअर मंजुऱ्यांपासून करावी आणि जुन्या करारांना नूतनीकरणाच्या वेळी हीच अट लावावी. यावर आपल्या खात्याची भूमिका काय आहे, हे जाहीरपणे कळावे अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक विमान प्रवासी