जाहिरात मराठीत, इशारा इंग्रजीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पोटाचा घेर उतरवणाऱ्या कॅप्सूलवर अर्धं पान वाचलं. गार्सिनिया कंबोजिया म्हणजे आपल्या कोकमाचा भाऊबंद, म्हणून निर्धोक, असं त्यात ठासून सांगितलंय. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. कोकमाची कढी लहानपणापासून प्यायलेय. पण जेवणातली वाटीभर कढी वेगळी आणि सालीतलं आम्ल काढून रोज पोटात घातलेली कॅप्सूल वेगळी.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी गेल्या वर्षी याच अर्काची कॅप्सूल सुरू केली. ओळखीच्या बाईने घरी आणून दिली होती. वजन काही हललं नाही. पुढे अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे. साधी कावीळ समजून आम्ही आधी झाडपाल्याच्या मागे लागलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही, तेव्हा विचारलं, ‘आणखी काय घेता?’ डबी दाखवल्यावर त्यांनी ती तिथल्या तिथे बंद करायला लावली. यकृत सावरलं, पण त्या दिवसांत घरात कुणाला नीट झोप नव्हती.

पुतण्या फार्मसी शिकतो. त्याने दाखवलं, १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर या अर्काची १२ आठवडे चाचणी झाली. आहार दोन्ही गटांना सारखाच. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१! म्हणजे जे उतरलं ते जेवणामुळे. लेखात याचा शब्द नाही. कमरेचा घेर किती झाला की धोका, तेही नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. शिंप्याच्या टेपने घरी मोजता येतं.

आणखी एक. ‘औषध म्हणून वापरू नये’ ही ओळ त्या डबीवर होती, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या जाऊबाईंनी ती कशी वाचायची? सीमाभागात सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, डबी इंग्रजीत येते आणि विकणाऱ्याचं पत्रक तेवढं स्वच्छ मराठीत येतं. मराठी वाचणाऱ्याला सावध करायला तुमचंच वर्तमानपत्र उरतं, आणि तिथेही हाच लेख!

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, यकृताच्या एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि हा लेख कुणी पुरवला, तेही छापा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव