अ‍ॅनोडायझिंगचं ट्रेनिंग टाकीजवळच्या माणसाला द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात स्किल, रोजगार, तरुणांना ट्रेनिंग यावर नेहमी काही ना काही येतं आणि मी ते वाचतो, पण त्यात कॉम्प्युटर, मोबाईल रिपेअरिंग, ब्युटी पार्लर, फार तर वेल्डिंग असतं. आमच्या लाईनचं कधी काही दिसत नाही म्हणून आज लिहायला बसलो. मी गेली २४ वर्षं साकीनाक्याला अ‍ॅनोडायझिंगच्या गाळ्यात आहे (अ‍ॅल्युमिनियमवर करंटने टिकाऊ थर तयार करायचं काम), आधी जिगिंगला, म्हणजे माल टाकीत सोडायच्या चौकटीवर अडकवायला, होतो, आता सुपरवायझर. तुमच्या घरातली स्लायडिंग खिडकी, बाथरूमच्या दाराची चौकट, दुकानाच्या काचेची फ्रेम, हे सगळं आमच्यासारख्यांच्या टाकीतून निघालेलं असतं, आणि ते काम करणाऱ्या पोरांना त्यामागचं शास्त्र कोणी कधी शिकवलेलं नसतं. मलाही २१ वर्षं कोणी शिकवलं नव्हतं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे चौकटीची लांब पट्टी, बनतो तो सोऱ्यातून शेव पाडतात तसा. बिलेट म्हणजे लांब गोल ओंडका, तो ४५० ते ४८० डिग्रीपर्यंत तापवायचा, वितळवायचा नाही हं, अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० ला. तो मऊ झालेला बिलेट प्रेसमध्ये घालून मागून हायड्रॉलिकने रेटायचा की समोरच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, हव्या त्या आकाराचा सेक्शन लांबच लांब बाहेर येतो. मग पंख्याखाली थंड करायचा, दोन्ही टोकं धरून ताणून सरळ करायचा, कापायचा आणि भट्टीत १७५-१८५ डिग्रीला काही तास ठेवायचा म्हणजे त्याला ताकद येते. खिडकीच्या कामाला बहुतेक ६०६३ हाच अलॉय (मिश्रधातू) असतो, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन. हे झालं मिलचं काम. तिथून माल आमच्याकडे येतो.

अ‍ॅनोडायझिंग म्हणजे वरून रंग मारणं नाही, हे मला आधी सांगायचंय, कारण गिऱ्हाईकच काय, आमच्यातल्याही निम्म्या लोकांना ते तसंच वाटतं. माल कॉस्टिक सोड्यात एचिंग करून, म्हणजे वरचा पातळ थर खाऊ देऊन, धुऊन, नायट्रिकमध्ये काळपटपणा काढून मग सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत सोडतात आणि त्यातून डीसी करंट देतात. त्या करंटने अ‍ॅल्युमिनियमच्याच अंगातून ऑक्साईडचा थर तयार होतो. तो वर चिकटवलेला नसतो, धातूतच वाढलेला असतो, म्हणून पेंटसारखे त्याचे पोपडे निघत नाहीत. पण या थराला डोळ्याला न दिसणारी अगणित बारीक भोकं असतात. कलर करायचा तो त्या भोकांत जातो आणि शेवटी सीलिंग करून, म्हणजे गरम पाण्यात ठेवून, ती भोकं बंद करायची असतात. इथेच सगळी गोम आहे.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. बरीच वर्षं झाली, माहीमला समुद्राच्या बाजूच्या एका बिल्डिंगच्या खिडक्या आमच्याकडून गेल्या होत्या. दोन पावसाळे झाले आणि त्या सोसायटीचे सेक्रेटरी, वयस्कर गृहस्थ होते, खिडकीचा फूटभर तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून थेट गाळ्यावर आले. त्यांनी कागद सोडला, आत सेक्शनवर पांढरे डाग, मीठ सांडल्यासारखे, आणि नखाने खरवडलं की खाली बारीक खड्डे. काका ओरडले नाहीत. शांतपणे विचारलं, हे तुमच्याकडचंच ना, मग दोन वर्षांत असं कसं झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं समुद्राची हवा आहे काका, होतं असं. ते तुकडा तिथेच ठेवून निघून गेले. तो तुकडा मी टाकला नाही, माझ्या टेबलाच्या खणात ठेवला, आजही आहे.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी मला तीन दिवसांच्या एका कोर्सला पाठवलं, एक्स्ट्रुजन (सेक्शन पाडणं) आणि अ‍ॅनोडायझिंगचं बेसिक ट्रेनिंग. खरं तर मॅनेजर जाणार होते, त्यांना जमलं नाही म्हणून मी गेलो. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना आपापल्या गाळ्यातला ताजा माल आणायला सांगितला होता. मी आमच्या ताज्या मालाचा तुकडा नेला. सरांनी त्यावर आधी अ‍ॅसिडचा थेंब टाकला, एक मिनिटाने पुसला, मग जांभळ्या रंगाचा थेंब टाकला, परत एक मिनिट, मग धुऊन फडक्याने घासला. ज्याचं सीलिंग चांगलं त्याचा रंग पुसून जातो. माझ्या तुकड्यावर रुपयाच्या नाण्याएवढा जांभळा डाग बसला तो बसलाच, कितीही घासा. सरांनी विचारलं सीलिंगचं पाणी किती डिग्रीला चालवता, मी म्हटलं उकळतं असतं सर, वाफ येते. त्यावर ते म्हणाले, वाफ ८० लाही येते.

मी त्या संध्याकाळी घरी न जाता घाटकोपरवरून उलटी मेट्रो पकडून गाळ्यावर गेलो, टाकीत थर्मामीटर सोडला. ८२. तीन हीटरपैकी एक जळलेला, कधी जळला देव जाणे, आणि टाकीच्या अंगावरचं मीटर बंद. गरम पाण्याचं सीलिंग ९६ च्या वर पाहिजे, आणि वेळ म्हणाल तर थराच्या जाडीच्या प्रत्येक मायक्रॉनमागे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २ ते ३ मिनिटं, म्हणजे १५ मायक्रॉनच्या मालाला निदान अर्धा तास. आम्ही सगळ्या मालाला सरसकट १० मिनिटं देत होतो, तेही बोअरच्या पाण्यात, जिथे डीआय वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, लागतं. भोकं अर्धी उघडीच राहायची. माहीमच्या खिडक्यांत समुद्राचं खारं पाणी त्या उघड्या भोकांतून आत शिरलं आणि धातू खाल्ला. काकांना मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. समुद्राची हवा तर मुंबईत असणारच, तिला अडवायलाच तर सीलिंग असतं.

संपादक साहेब, यात कोणी कामचोरी केली नव्हती. टाकीवरचा माणूस बारा-बारा तास उभा राहून काम करत होता. त्याला त्याच्या उस्तादाने सांगितलं वाफ आली की माल सोड, उस्तादाला त्याच्या उस्तादाने सांगितलं. का, ते कोणीच कोणाला सांगितलं नाही.

तसंच करंटचं. आमच्याकडे पद्धत होती, लोड, म्हणजे एका वेळी टाकीत सोडलेला माल, लहान असो मोठा असो, व्होल्टेज १५ वर ठेवायचं आणि घड्याळ बघून माल काढायचा. कोर्समध्ये साधा गुणाकार शिकवला. सेक्शनचा घेर २० सेंटिमीटर, लांबी ३.६ मीटर, म्हणजे एका नगाचं क्षेत्रफळ ७२ चौरस डेसिमीटर, असे २० नग म्हणजे १४४०. दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर धरला तर २१६० अँपिअर लागणार, आणि एवढा करंट मिळाला तर १५ मायक्रॉनला साधारण ३३ ते ३५ मिनिटं. सातवी-आठवीचं गणित आहे हो. आमच्या लाईनवरचा दहावी नापास पोरगा आता ते भिंतीवर खडूने मांडतो आणि मग स्विच टाकतो. आधी एकाच लोडमध्ये एक नग ८ मायक्रॉन आणि एक १८ निघायचा, जिगची पकड सैल असेल तर एखादा कोराच निघायचा, आणि ते कळायचं गिऱ्हाईकाने माल परत पाठवल्यावर. मे महिन्यात तर विचारू नका. टाकी १८ ते २२ डिग्रीत पाहिजे, मुंबईच्या उकाड्यात चिलर जरा थकला की अ‍ॅसिड २८-२९ ला जातं आणि थर मऊ पडतो, बोट फिरवलं की पांढरी पावडर. आम्ही समजायचो अ‍ॅसिड खराब आलं, आणि नवीन अ‍ॅसिड ओतायचो. पैसे गेले, पावडर तशीच.

आणखी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, मिलवाले आणि आमच्यातलं भांडण. माल मिलमधून येतो तेव्हा छान चकचकीत दिसतो, एचिंग झालं की त्यावर पट्टे उठतात, काळे ठिपके दिसतात. आम्ही म्हणणार तुमचा माल खराब, ते म्हणणार तुमचं केमिकल खराब, आणि मधल्या मध्ये खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं काम अडकणार. कोर्सनंतर सहा महिन्यांनी असाच एक लॉट आला, ठिपकेवाला. पूर्वी असतो तर फोन करून भांडलो असतो. यावेळी मी मेजर टेप घेतली आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. दर ४५ सेंटिमीटरला एक, अगदी नेमाने. केमिकलने ठिपके पडले असते तर ते कुठेही पडले असते, मोजून-मापून पडले नसते. सरांनी शिकवलेलं आठवलं, प्रेसमधून निघालेला गरम सेक्शन कूलिंग टेबलच्या पट्ट्यांवर टेकतो तेवढ्या जागी तो वेगळ्या गतीने थंड होतो, मॅग्नेशियम-सिलिकॉनचे दाणे तिथे जाडे होतात, आणि ते अ‍ॅनोडायझिंगमध्ये काळपट दिसतात. मी मिलला फोन करून एवढंच विचारलं की तुमच्या टेबलच्या पट्ट्या किती अंतरावर आहेत. त्यांच्या माणसाने मोजून सांगितलं, ४५. त्यांचा एक पंखा बंद होता. तोही माणूस कोर्स केलेला असता तर माल निघायच्या आधीच त्याला दिसलं असतं. पोकळ सेक्शनमध्ये लांब सरळ पट्टा दिसतो त्याचंही असंच, डायमध्ये धातू फुटून परत जुळतो त्या जोडाचा तो पट्टा असतो, आमच्या टाकीत तो तयार होत नाही, फक्त उघडा पडतो.

आणि जीवाची गोष्ट तर यापेक्षा मोठी. अ‍ॅसिड पातळ करताना आधी पाणी आणि मग अ‍ॅसिड हळूहळू, हे न सांगता पोरांना टाकीवर उभं करतात. उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. एचिंगच्या टाकीतून हायड्रोजन निघतो, तिथे बाजूला वेल्डिंग काढायचं नसतं, हे मी वीस वर्षं रोज त्या टाकीजवळ उभा राहूनही मला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या एका मुलाच्या डोळ्यात कॉस्टिक उडालं होतं, तेव्हा नळ होता बाहेर पॅसेजमध्ये, तिथपर्यंत त्याला धरून नेलं. डोळा वाचला. आता टाकीपासून चार पावलांवर डोळे धुवायचा नळ आहे, तोही कोर्सनंतर मी हट्टाने बसवून घेतला.

आता माझं मागणं. असे कोर्स होतात, नाही असं नाही, पण ते इंग्रजीत, हॉटेलच्या हॉलमध्ये, स्क्रीनवर, आणि फी अशी की मालक फार तर एका मॅनेजरला पाठवणार. टाकीत हात घालणारा माणूस तिथपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटरचा ट्रेड आहे, नागपूरला १९८९ साली स्थापन झालेली, अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू संशोधन संस्था आहे, पवईला आयआयटीत धातुशास्त्राचा अख्खा विभाग आहे. माणसं आहेत, ज्ञान आहे. मुलुंड किंवा कुर्ल्याच्या आयटीआयमध्ये रविवारी किंवा संध्याकाळी, मराठीत आणि हिंदीत, ४० तासांचा एक वर्ग सुरू करा. पाचशे लिटरची छोटी टाकी, डीसी करंट देणारा एक छोटा रेक्टिफायर, एक थर्मामीटर, एक मायक्रॉन मोजायचं मीटर, बास. पोरांना तिथे मुद्दाम चुकीचं सीलिंग करून दाखवा आणि जांभळा थेंब त्यांनाच टाकू द्या. त्याने जे कळतं ते शंभर स्लाईड बघून कळत नाही. आणि मालकांनी त्या वर्गाला गेलेल्या माणसाची हजेरी कापू नये, एवढं तरी करा.

सोसायट्यांनाही सांगतो, मुंबईत जिथे तिथे रिडेव्हलपमेंट चालू आहे, हजारो खिडक्या लागतायत. कॉन्ट्रॅक्टरला नुसता कलर विचारू नका, मायक्रॉन विचारा. आयएस १८६८ या भारतीय मानकात ग्रेड दिलेल्या आहेत, एसी १५ म्हणजे सरासरी किमान १५ मायक्रॉन, एसी २५ म्हणजे २५. समुद्राजवळ राहत असाल तर जास्त जाडीचाच आग्रह धरा आणि सीलिंगची टेस्ट तुमच्या समोर करायला लावा, दोन-चार मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक आपोआप माणसं ट्रेनिंगला पाठवतील.

तुमच्या पेपरने हा विषय एकदा लावून धरावा अशी हात जोडून विनंती. आणि कुठल्या आयटीआयने असा वर्ग खरंच काढला तर जिगिंग आणि सीलिंग शिकवायला मी दर रविवारी फुकट यायला तयार आहे, येताना खणातला तो माहीमचा तुकडा घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई