चिपळूणच्या दुकानातून, ताई, तुम्हाला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुण्याला गेल्याचं तुमच्या साहेबांकडून कळलं. नीट निरोपही देता आला नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते बाजारपेठेतल्या इतरांनाही कळायला हवं.

२२ जुलै २०२१. पहाटे पाणी बाजारात शिरलं तेव्हा आम्ही २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून होतो. कॉम्प्युटर त्या खुणेच्या वर, लाकडी फळीवर चढवला होता. वाशिष्ठी नदीने ती खूण मागे टाकली. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर रंगाचे डबे, सिमेंट, खिळे सगळा एकच चिखल. मालाचं दुःख होतंच, पण माल पुन्हा भरता येतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर, म्हणजे टॅली, होता त्या कॉम्प्युटरमध्ये, बॅकअपची हार्ड डिस्क दुकानातल्याच कपाटात आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात. तीन प्रती होत्या आणि तिन्ही एकाच पाण्यात गेल्या. गवंडी, सुतार, ठेकेदार यांच्याकडची येणे बाकी कुठेच उरली नव्हती.

चौथ्या दिवशी तुम्ही गमबूट घालून आलात. पहिलं वाक्य अजून कानात आहे : "काका, मार्चअखेरचा तुमचा डेटा माझ्याकडे ड्राइव्हवर आहे." ड्राइव्ह म्हणजे इंटरनेटवरची साठवणीची जागा. रिटर्न भरण्यासाठी आम्ही दिलेली फाईल तुम्ही एप्रिलमध्येच वर चढवून ठेवली होती. तुमचं ते काम नव्हतं, त्याचे पैसेही तुम्ही कधी घेतले नाहीत. मी दुकानाच्या पायरीवरच बसलो.

पुढचे तीन महिने तुम्ही जे केलंत ते मला सविस्तर लिहायचंय. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २ए या खरेदीच्या तक्त्यातून काढलीत, कारण पुरवठादारांनी त्यांची बिलं तिथे भरली होती. जीएसटी नंबरवाल्या ग्राहकांची जूनपर्यंतची विक्री आपणच भरलेल्या विक्रीच्या रिटर्नमधून, म्हणजे जीएसटीआर-१ मधून मिळाली. प्रश्न होता तो उधारीचा. नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल पोर्टलवर नावाने नसतं. तुम्ही एकेकाला फोन लावलात आणि माणसं स्वतःहून आकडे सांगू लागली. एका गवंडीमामांचं स्वतःचं घर वाहून गेलं होतं, तरी ते येऊन सांगून गेले, "माझे साडेचार हजार लिहा." अशा प्रत्येक नोंदीखाली तुम्ही "ग्राहकाच्या सांगण्यावरून" असा शेरा घातलात, म्हणजे पुढे मागे दुरुस्त करता येईल. ती शिस्त मी तुमच्याकडून शिकलो.

मग क्लाउड. मला वाटलं होतं टॅलीचं फोल्डरच ड्राइव्हमध्ये टाकलं की झालं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. टॅली चालू असताना अनेक फायलींत एकदम लिहितो, मध्येच सिंक झालं किंवा दोन मशीनवर उघडलं तर डेटा बिघडतो. त्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमधलं मशीन भाड्याने घेऊन त्यावर टॅली चालवू आणि दुकानातून फक्त त्याचा पडदा बघू, हे तुम्ही काउंटरवर कागदावर चित्र काढून समजावलंत. महिनाभर जुन्या आणि नव्या दोन्हीकडे नोंद केलीत आणि ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळल्याशिवाय जुनं बंद करू दिलं नाहीत. बिलाच्या प्रिंटरने चार दिवस छळलं. फायबर तुटली तर मोबाइलच्या नेटवर बिल निघतं का, तेही माझ्यासमोर वायर काढून दाखवलंत.

पण आभार मानायचे ते मुख्यतः एका गोष्टीसाठी. खातं उघडताना मी म्हटलं होतं, तुमचाच ईमेल टाका, मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही ऐकलं नाहीत. दुकानाच्या नावाने ईमेल काढलात, ओटीपी माझ्या फोनवर आणि भाड्याचं बिलही दुकानाच्या नावावर. फोन हरवला तर लागणारे कोड कागदावर लिहून रत्नागिरीला माझ्या मुलीकडे ठेवायला लावलेत. भाडं देणारी कंपनी नकोशी झाली तर सगळा डेटा उचलून बाहेर कसा न्यायचा, तेही मुलाच्या वहीत उतरवून दिलंत. एखाद्याला आयुष्यभर आपल्यावर अवलंबून ठेवता आलं असतं, ताई. तुम्ही किल्ली आमच्या हातात दिलीत.

पुढच्या पावसाळ्यात पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही माल माळ्यावर चढवला, शटर ओढलं आणि घरी गेलो. कॉम्प्युटर तिथेच टेबलावर होता. त्या रात्री मला झोप लागली.

दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचा, हा तुमचा नियम चालू आहे. गेल्या रविवारी पहिल्यांदाच तो तुमच्याशिवाय उतरवला. येणे बाकी पैशापर्यंत जुळली. वहीत तारीख टाकली आणि जिथे दर वेळी तुमची सही असायची, तिथे या वेळी मुलाने केली.

गणपतीला घरी याल तेव्हा दुकानात नक्की या. वही दाखवायची आहे.

तुमचे,
हार्डवेअरवाले काका